गिरणीच्या आवारात साधं जेवण का मिळत नाही?

लोअर परळच्या कुठल्याही मिल कंपाउंडमध्ये शनिवारी संध्याकाळी घरच्या माणसांना घेऊन जेवायला जाऊन दाखवा. नुसतं जेवायला. दारू नको, डीजे नको, फोटो नकोत. सोबत एक म्हातारं माणूस, एक लहान पोर आणि पोटात भूक, एवढंच घेऊन जा. बाहेर पडाल तेव्हा कान बधिर झालेले असतील, पाकीट हलकं झालेलं असेल आणि घरी आल्यावर कुकर लावावा लागेल. परवा आमचं हेच झालं आणि माझा संताप अजून उतरलेला नाही.

पहिला राग पत्त्याचा. सगळ्या हॉटेलांचा पत्ता एकच, ‘अमुक मिल कंपाउंड, लोअर परळ’. मोबाइलच्या नकाशावरचा ठिपका मुख्य गेटवर येऊन थांबतो आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. आत जुन्या शेड, प्रत्येक शेडचे चिरून केलेले गाळे, मध्येच एखाद्या ऑफिसची काचेची इमारत, मागे गोडाऊन. कुठे काय आहे हे सांगणारा एक धड फलक नाही. हॉटेलच्या दारावरचं नाव भिंतीच्याच रंगाच्या बोटभर अक्षरांत लिहिलेलं, कारण मोठी पाटी लावली तर म्हणे ‘लुक’ जातो. सुरक्षारक्षकाला विचारलं तर तो हात हलवून ‘आगे से लेफ्ट’ म्हणतो. तो तरी काय करणार, दर सहा महिन्यांनी एक हॉटेल बंद पडून दुसरं उघडतं. चालायला पदपथ नाही. वॅलेवाल्यांच्या गाड्या, डिलिव्हरीच्या दुचाकी, पाण्याचे टँकर आणि पायी चालणारी माणसं, सगळे त्याच बोळातून. सत्त्याहत्तर वर्षांच्या माझ्या वडिलांना, आमच्या आप्पांना, हाताला धरून मी त्या अंधाऱ्या बोळातून वाट काढत होतो आणि मागून एक गाडी हॉर्न मारत होती.

आप्पा गिरणीत होते. साचेखात्यात, म्हणजे जिथे माग चालायचे तिथे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यातले ते एक. त्यांच्या वाढदिवसाला आपल्या भागातल्या गिरणीत जेवायला नेऊ, जुनी शेड त्यांना आतून बघायला मिळेल, असं घरात सगळ्यांनाच वाटलं होतं. म्हणून हा घाट.

आत शिरलो तर काळोख. टेबलावरचं माणूस दिसेना इतका काळोख. मेन्यू कार्ड नाही, टेबलाला चिकटवलेला क्यूआर कोड. आप्पांचा फोन बटणांचा, त्यांनी काय स्कॅन करायचं? शेवटी मी माझ्या मोबाइलवर एकेक पदार्थ मोठ्यानं वाचून दाखवायला लागलो, तर गाण्याच्या दणदणाटात माझं मलाच ऐकू येईना.

इथे मला थोडं इमारतीबद्दल बोलायचंय, कारण माझ्या रागाचं मूळ तिथे आहे. गिरणीचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असतं ते उगाच नाही. त्या दात्यांची उभी बाजू उत्तरेला असते आणि तिथे काचा असतात. उत्तरेकडून थेट ऊन आत येत नाही, पण दिवसभर एकसारखा उजेड येतो. मागावर तुटलेला धागा नजरेला दिसावा म्हणून केलेली ती सोय. अख्खी इमारत उजेडासाठी बांधलेली आहे! आणि या लोकांनी काय केलं, तर त्या काचा काळ्या रंगानं रंगवल्या, खाली खोटं छत टाकलं आणि पिवळे मिणमिणते दिवे टांगले. भर दुपारी गेलात तरी आत रात्रच.

उलट साचेखात्याची जी खोड होती ती मात्र जशीच्या तशी ठेवली, किंबहुना वाढवली. साचेखात्यात शेकडो मागांचा असा खडखडाट चालायचा की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागे. वर्षानुवर्षं तिथे राबलेल्या कितीतरी माणसांचं ऐकणं कायमचं कमी झालं. आप्पांचा डावा कान तिथेच गेला. वर पत्रा, खाली सिमेंटची फरशी, चारी बाजूंना उघड्या विटा, आवाज शोषून घेईल असं त्या शेडमध्ये काहीच नसतं. तिथे छताला कानठळ्या बसवणारे स्पीकर टांगायचे, हे कुठल्या डोक्यातून येतं? आवाज कमी करा म्हणून विनंती केली तर मॅनेजर म्हणाला, ‘सर, वीकेंड व्हाइब है.’ ज्या माणसाचा कान गिरणीत गेला त्याला त्याच्या वाढदिवसाला गिरणीतच पुन्हा खुणांनी बोलायला लावलं यांनी.

आणि त्या उघड्या विटा! जुन्या भिंतींवर चुन्याचा गिलावा असायचा, तो विटेला पावसापासून आणि ओलीपासून जपायचा. आता तो खरवडून काढतात, कारण फोटोत लाल वीट छान दिसते. मुंबईच्या पावसात ती वीट ओल पिते, भुगा होऊन गळते, मग तिच्यावर चकचकीत वॉर्निश मारतात आणि आत अडकलेली ओल आणखी वाढते. याला हे जतन म्हणतात. भिंतीवर बॉबिनांचे दिवे, भंगारातून आणलेली दातेरी चक्रं आणि एक मोठा काळा-पांढरा फोटो, खाली इंग्रजीत ‘विव्हिंग शेड’. आप्पा खुर्चीवरून उठून फोटोजवळ गेले, चष्मा वर-खाली करून बघितलं आणि म्हणाले, ‘हे साचेखातं नाही, हे त्रासन आहे.’ म्हणजे सूतकताईचं खातं. एवढंसुद्धा कुणाला विचारायची गरज वाटली नाही. या भागात आजही गल्लोगल्ली जुने कामगार राहतात. चहा पाजला असता तर कुणीही येऊन सगळं समजावून सांगितलं असतं.

खुर्ची म्हणालो, पण ती मिळाली कशी ते ऐका. आधी उंच स्टूल दिलं, पाय लोंबकळणारं, पाठ टेकायला काही नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला! साधी टेबलं रिकामी होती, पण ती ‘रिझर्व्ह्ड’. भांडून एक मिळवलं. तोवर वेटर तीनदा येऊन गेला होता, ‘स्टिल या स्पार्कलिंग?’ साधं पाणी म्हटलं की त्याचं तोंड पडतं. साधं पाणी मागायला इतकी लाज का वाटायला लावता हो माणसाला?

जेवणाबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं त्यात नव्हतंच. या कंपाउंडमधलं कुठलंही दार उघडा, आत तेच ते: पिझ्झा, सुशी, बाओ, ट्रफलचा वास मारलेले बटाटे आणि ‘मॉडर्न इंडियन’ नावाखाली चमचाभर दालखिचडी. गिरणगावात आहात ना? मग लालबाग-परळचं जेवण कुठे आहे? मालवणी कालवण, सोलकढी, घाटावरची भाकरी-पिठलं यातलं काहीही त्या आवाराच्या भिंतीच्या आत शोधून सापडलं नाही. पोरासाठी साधा भात मागितला तर ‘मेन्यू में नहीं है’.

याच मातीत केवढी मोठी जेवणाची परंपरा होती हे यांच्या गावीही नाही. कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले कामगार दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायचे ते शेजारच्या खानावळीत. खानावळ म्हणजे चाळीतल्याच एखाद्या बाईचं घर. दोन वेळचं पोटभर जेवण, पैसे पगार झाल्यावर. १९८२ च्या आधीही संप झाले, त्या संपांत या बायकांनी उधारीवर माणसं जेवू घातली आणि स्वतः कर्जात बुडाल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली. ज्या आवारात डझनावारी हॉटेलं आहेत तिथे एका भिंतीवर या बायकांचं नाव असू नये? एक गाळा त्यांच्या लेकीसुनांच्या बचतगटाला कमी भाड्यात देता येऊ नये?

भाड्याचं कारण सांगू नका. ही जमीन काही सगळीच्या सगळी मालकांच्या घशात जायची नव्हती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या कलमानुसार गिरण्यांच्या जमिनीच्या साधारण तीन वाटण्या व्हायच्या होत्या: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणीत फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीनच धरायची ठरली, आणि लोकांच्या वाट्याला चिंधी आली. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये तो बदल कायम ठेवला. कायदेशीर असेल ते. पण ज्या परळमध्ये पोरांना मैदान मिळायचं होतं तिथे मला गाडी लावायला पैसे मोजून अंधारात पिझ्झा खावा लागतो, याचा राग मी गिळणार नाही.

आणि भीतीही वाटते, ती कुणाला सांगायची? २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांत आग लागली आणि १४ माणसं गेली, बरीचशी गुदमरून. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड (आताच्या प्रभादेवी) स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली होती. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी ऑफिसं आणि हॉटेलं आली, माणसं कैक पटींनी वाढली, पण तोवर पूल जुनाच होता. आगीनंतर पालिकेचे हातोडे चालले, बेकायदा शेड पाडल्या, चार दिवस बातम्या झाल्या. परवा मी बसल्या जागेवरून बाहेर पडायचं दुसरं दार शोधत होतो. होतं एक. त्याच्यासमोर बिअरचे रिकामे क्रेट रचून ठेवले होते. वेटरला दाखवलं तर तो म्हणाला, ‘अभी हटवाता हूँ.’ आम्ही निघेपर्यंत ते तिथेच होते.

मग बिल. पदार्थांची किंमत, त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर जीएसटी. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सांगितलं. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानंही तेच सांगितलं: सक्ती करता येणार नाही. तरी बिलात तो छापलेलाच. काढा म्हटलं तर वेटर आधी ऐकू न आल्यासारखं करतो, मग मॅनेजर येतो, मग ‘स्टाफ के लिए होता है सर’ म्हणत आजूबाजूच्या टेबलांसमोर तुम्हाला कंजूष ठरवतो. स्टाफला पगार द्या ना नीट! मी वेटरच्या हातात वेगळे पैसे दिले आणि तो चार्ज काढायलाच लावला. तुम्हीही काढायला लावा. नाही काढला तर बिलाचा फोटो घ्या आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

जुन्या इमारतीत साधं, स्वस्त जेवण देणं अशक्य असतं असं कुणी सांगितलं तर त्याला सिंगापूरचं लाऊ पा साट दाखवा. १८९४ ची बिडाच्या खांबांची अष्टकोनी मंडई, भोवती बँकांच्या उंच इमारती, म्हणजे जमीन लोअर परळपेक्षा महागच. तिथे फेरीवाल्यांच्या हातचं जेवण मिळतं, ऑफिसातला साहेब आणि सफाई कामगार एकाच छपराखाली जेवतात. ती इमारत तिथलं राष्ट्रीय स्मारक आहे, तरीही. बिडाचे खांब आपल्या गिरण्यांतही होते की. आपण त्यांना रंग फासून त्यांच्यावर निऑनचे दिवे लावले.

मी फार मोठं काही मागत नाही. गेटवर मोठ्या मराठी अक्षरांत फलक लावा, आत कुठे काय आहे ते दाखवा. ही गिरणी कधी सुरू झाली, इथे किती खाती होती, माणसं किती होती, कधी आणि कशी बंद झाली, तेही लिहा. ताडदेवच्या कावसजी दावरांच्या गिरणीत १८५६ मध्ये चाकं फिरली तिथून सुरुवात करा. काचांवरचा काळा रंग खरवडा. पाठ टेकता येईल अशा खुर्च्या ठेवा, चार छापील मेन्यू कार्डं ठेवा, मागच्या दारासमोरचे क्रेट हटवा. एका तरी शेडमध्ये गाणी बंद ठेवा आणि थाळी वाढा.

हे होईपर्यंत कुणी मला विचारलं की मिल कंपाउंडमध्ये घरच्यांसोबत जेवायला कुठे जाऊ, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. आत जाऊच नका. गेटवरूनच वळा, लालबागकडे चालू लागा आणि ट्यूबलाइट लावलेली, पंखा फिरणारी, फळ्यावर आजचा मासा लिहिलेली पहिली मालवणी खानावळ दिसेल तिथे शिरा. आप्पांना मी पुढच्या रविवारी तिथेच नेणार आहे.