बेचाळीस मिलिसेकंद, पण कशाचे?

ग्रुपवर स्क्रीनशॉट येतो. निओफोरजे या ग्राफ डेटाबेसच्या (डेटा नोड्स आणि त्यांच्यातल्या नात्यांच्या रूपात ठेवणाऱ्या) ब्राउझरचा, म्हणजे क्वेरी लिहून निकाल बघायच्या त्याच्या खिडकीचा. तळाशी बारीक अक्षरांत ओळ असते की ४२ मिलिसेकंदांत स्ट्रीमिंग पूर्ण झालं, त्याभोवती लाल गोल, आणि खाली निकाल: "क्वेरी फास्ट आहे, लोचा तुमच्या एपीआयमध्ये आहे." झालं, विषय बंद. विजयनगरपासून सुपर कॉरिडॉरपर्यंत इंदूरच्या कुठल्याही ऑफिसात जा भिया, हाच तमाशा.

अरे, पण ४२ कशाचे? पार्सिंगचे, म्हणजे क्वेरी वाचून समजण्याचे? ती कशी चालवायची त्याचा प्लॅन बनवण्याचे? डिस्कवरून पानं उचलण्याचे? की ब्राउझरने ओळी ओढून घेण्याचे? वर तो ब्राउझर सगळ्या ओळी घेतच नाही. सेटिंगमध्ये जेवढ्यांची मर्यादा घातलेली असते तेवढ्याच घेतो. तुमचा एपीआय, म्हणजे अ‍ॅपला डेटा पुरवणारा कोड, ऐंशी हजार ओळी ओढतोय आणि तुलना कशाशी, तर या छाटलेल्या नमुन्याशी! शिवाय गोल-गोल चित्र काढताना नोड्समधले दुवे जोडायला ब्राउझर स्वतःहून आणखी एक क्वेरी मारतो, ती वेगळीच.

छप्पन दुकानावर सकाळी पहिलं गिऱ्हाईक येतं तेव्हा पोहे भिजायचे असतात, फोडणी व्हायची असते, वाफेवर चढायचे असतात. त्याला थांबावं लागतं. दहाव्याला अर्ध्या मिनिटात प्लेट, वर शेव, जिरावण, लिंबू. आणि एखादा माणूस प्लेट हातात धरून फोनवर पंधरा मिनिटं गप्पा मारत खात बसला, तर ती पंधरा मिनिटं पोहेवाल्याच्या नावावर टाकायची? तुम्ही नेमकं तेच करताय. कंपाइल (पार्सिंग आणि प्लॅन बनवणं), एक्झिक्युशन (प्रत्यक्ष चालवणं) आणि गिऱ्हाइकाचं खाणं, तिन्हींची बेरीज करून तिला 'क्वेरी टाइम' म्हणताय.

त्यावर हुशार मंडळी पुढे सरसावतात: "आम्ही ड्रायव्हरची समरी बघतो." ड्रायव्हर म्हणजे तुमच्या कोडला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी. बघा ना तिची समरी, पण नीट बघा. त्यात दोन आकडे येतात, 'अव्हेलेबल आफ्टर' आणि 'कन्झ्यूम्ड आफ्टर'. लगेच पहिल्याला कंपाइल टाइम म्हणायचं, दुसऱ्याला एक्झिक्युशन, आणि एक्सेलमध्ये दोन रंगांचे खांब काढायचे. कुणी सांगितलं हे तुम्हाला? पहिला आकडा म्हणजे सर्व्हर ओळी द्यायला तयार झाला तोवरचा वेळ. पुढचं बरंचसं काम तुम्ही ओळी मागाल तसतसं आळसात होतं. ड्रायव्हर बहुधा हजार-हजारच्या घासांनी मागतो. मधल्या वेळात तुमचा कोड प्रत्येक ओळ फाइलमध्ये लिहीत बसला, तर ते थांबणंही तुम्ही बाहेरून मोजलेल्या एकूण वेळात जमा होतं. म्हणजे त्या वेळात तुमचा स्वतःचा आळस मिसळलेला, आणि शिव्या डेटाबेसला.

खरी फोड क्वेरी लॉगमध्ये मिळते. तिथे प्रत्येक क्वेरीच्या एकूण वेळाशेजारी कंसात प्लॅनिंग आणि वेटिंग (लॉक वगैरेंसाठी थांबणं) वेगवेगळं छापलेलं असतं. पण हा लॉग निओफोरजेच्या विकतच्या एंटरप्राइझ आवृत्तीत! फुकट कम्युनिटी आवृत्तीवाल्यांनी काय पाप केलंय? उलट मेमग्राफ या दुसऱ्या ग्राफ डेटाबेसची समरी बघा: पार्सिंग, प्लॅनिंग आणि एक्झिक्युशन असे तीन आकडे सेकंदांत सरळ हातात ठेवते. इतकं साधं आहे ते. असो, ज्यांच्याकडे लॉग आहे त्यांनी तरी तो वाचावा! तेही नाही. चौथ्या आवृत्तीत वेळेची फोड मिळवायला वेगळी सेटिंग चालू करावी लागायची, ती कुणी केली नाही. पाचवीपासून ती फोड आपसूक येते, तर लॉग 'इन्फो'वर आणि थ्रेशोल्ड (ज्याहून कमी वेळाची क्वेरी मग लॉगमध्ये येत नाही ती मर्यादा) एक सेकंदावर नेऊन ठेवलेला. मग लॉगमध्ये फक्त रडणाऱ्या क्वेऱ्या दिसतात, आणि तीच क्वेरी दुसऱ्या वेळी किती वेगाने गेली ते कळायला मार्ग नाही. मोजमाप चालू असेपर्यंत थ्रेशोल्ड शून्यावर ठेवा.

आता लॉगमधली एक ओळ समोर धरू. समजा एकूण १२४० मिलिसेकंद, प्लॅनिंग १११०, वेटिंग ०. ही ओळ बघून बहुतेक ठिकाणी काय करतात? इंडेक्स, म्हणजे डेटा पटकन शोधायची सूची, टाकतात! बाबांनो, १११० मिलिसेकंद तर क्वेरी कशी चालवायची हे ठरवण्यात गेले. इंडेक्सने कमी होणारा भाग उरलेल्या १३०मध्ये आहे. वर इंडेक्स टाकला की स्कीमा (डेटाबेसची रचना) बदलतो, जुने प्लॅन बाद होतात, आणि पुढच्या फेरीत सगळ्या क्वेऱ्या पुन्हा कंपाइल होतात. मग आरडाओरडा: "इंडेक्स टाकल्यावर स्लो झालं!"

प्लॅनिंग एवढं का फुगलं? कारण क्वेरीची स्ट्रिंग कोडमध्ये जोडून-जोडून बनवलीय. इंदूरच्या डिलिव्हरीचा ग्राफ घ्या: राजवाड्यापासून पलासियापर्यंत तीन उड्यांत, म्हणजे नोडवरून नोडवर तीन नाती ओलांडून, पोचणारी दुकानं शोधायची. एकदा एक ते तीन उड्या, एकदा एक ते चार, कधी लेबल (नोडचा प्रकार) 'मिठाई', कधी 'नमकीन', वर गरजेनुसार पाच किंवा पन्नास 'ऑर'च्या अटी चिकटवलेल्या. साधी मूल्यं इंजिन बऱ्याचदा स्वतःच बाजूला काढून पॅरामीटर (क्वेरीबाहेरून भरायची किंमत) बनवतं, पण लेबल, नात्याचा प्रकार आणि उड्यांची लांबी ही क्वेरीची हाडं आहेत. ती बदलली की प्लॅन नवा. बनलेले प्लॅन पुन्हा वापरायला ठेवायच्या प्लॅन कॅशमध्ये मूळ सेटिंगला १००० जागा असतात. तुम्ही रोज हजारो आकाराच्या क्वेऱ्या टाकता, मग जुने प्लॅन बाहेर फेकले जातात आणि कॅश असून नसल्यासारखा. यादी पाठवायची तर पॅरामीटर म्हणून पाठवा आणि अनवाइंड करा, म्हणजे क्वेरीतच तिच्या ओळी उलगडा. लेबल मोजकीच असतील तर प्रत्येकाची एक ठरलेली क्वेरी लिहून ठेवा.

एन्टरप्राइझ नसलं तरी कंपाइल टाइम मोजता येतो, फक्त हात हलवावे लागतात. आधी कनेक्शन उघडून घ्या, कारण पहिल्या हाकेत टीसीपी, टीएलएस, लॉगिन, क्लस्टर असेल तर राउटिंगची यादी, सगळं येतं. मग 'रिटर्न १' ही नुसता १ परत करणारी क्वेरी शंभर वेळा चालवून मधला आकडा लिहून ठेवा; हा तुमचा जाण्यायेण्याचा खर्च. आता खऱ्या क्वेरीच्या पुढे 'सायफर रिप्लॅन इक्वल टू फोर्स' (सायफर ही क्वेरीची भाषा, फोर्स म्हणजे प्लॅन नव्याने बनवायची सक्ती), मग 'एक्स्प्लेन' लावून चालवा. एक्स्प्लेन प्लॅन बनवतं, क्वेरी चालवत नाही. फोर्स नाही लावलं तर दुसऱ्या वेळी प्लॅन कॅशमधून येतो आणि तुम्ही पुन्हा 'कंपाइल दोन मिलिसेकंद' म्हणून नाचता. जो वेळ येईल त्यातून जाण्यायेण्याचा खर्च वजा केला की कंपाइल टाइम बऱ्यापैकी हाती लागतो. घड्याळही बरं वापरा. पायथनमध्ये 'टाइम डॉट टाइम' नको. सिस्टिमचं घड्याळ मधेच सरकतं. 'पर्फ काउंटर' त्यासाठीच दिलाय.

एक्झिक्युशनसाठी क्वेरी आधी वीस-तीस वेळा नुसती चालवा. जेव्हीएमला (निओफोरजे ज्यावर चालतं त्या जावाच्या इंजिनाला) गरम व्हायला वेळ लागतो, पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीत, डेटाची पानं यायची असतात. त्यानंतर दोनशे वेळा मोजा, प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि वाचताना दुसरं काही करू नका. सरासरी नको, मध्यक आणि ९५वा पर्सेंटाइल (शंभरातल्या ९५ वेळा ज्याच्या आत येतात तो आकडा) काढा. थंडा आकडा, म्हणजे कॅश रिकामे असतानाचा, हवा असेल तर तो वेगळा काढा आणि त्यावर 'थंडा' असं लिहा. क्वेरी कॅश रिकामा करायची प्रोसिजर चालवून "सगळं कोल्ड केलं" म्हणणारेही भेटतात. अहो, त्याने फक्त प्लॅन गेले. डेटाची पानं मेमरीत तशीच आरामात बसलीत. त्यांच्यासाठी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा कॅश त्यानंतरही उरतोच.

आणि ते 'प्रोफाइल', एक्स्प्लेनसारखाच क्वेरीच्या पुढे लावायचा शब्द! प्रोफाइल लावून आलेला वेळ रिपोर्टात टाकणाऱ्याला सराफ्याच्या खाऊगल्लीत नेऊन नुसतं पाणी पाजावं. प्रोफाइल प्रत्येक ऑपरेटरपाशी (प्लॅनच्या पायरीपाशी) ओळी आणि डीबी हिट्स (डेटाच्या साठवणीकडे मारलेले हेलपाटे) मोजत बसतं, त्या मोजणीचा भार वेळेवर पडतो. डीबी हिट्स बघायला ते उत्तम आहे, कुठल्या पायरीवर ओळी फुगतात हे त्याच्याइतकं कुणी दाखवत नाही. पण घड्याळ म्हणून नाही. शिवाय प्रोफाइल क्वेरी खरोखर चालवतं. डिलीटच्या पुढे लावलं तर नोड खरोखर उडतात.

मधेच क्वेरी एकदा हळू गेली की "नेटवर्क असेल" म्हणून सोडून द्यायचं, हीही एक तऱ्हा. रात्री इम्पोर्ट चालतो, नोड्सची संख्या वाढते, आकडेवारी जुन्या प्लॅनपासून दूर गेली की इंजिन प्लॅन पुन्हा बनवतं. मूळ सेटिंगला दोन रिप्लॅनमध्ये किमान १० सेकंद जातात. त्या एका अभाग्या क्वेरीच्या डोक्यावर कंपाइलचा सगळा भार येतो. लॉगमधला प्लॅनिंगचा आकडा बघितला तर लगेच दिसतं, पण बघायचं कुणी?

सगळ्यात डोकं फिरवतो तो पिनकोड. एका सर्व्हिसमधून ४५२००१ आकडा म्हणून जातो, दुसरीकडून स्ट्रिंग म्हणून. पॅरामीटरचा प्रकार बदलला की इंजिनच्या लेखी प्लॅन वेगळा, म्हणजे पुन्हा कंपाइल. तेही चालून जाईल एक वेळ. पण डेटात पिनकोड स्ट्रिंग म्हणून साठवलेला असला, तर आकड्याशी तो कधीच जुळत नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, क्वेरी दोन मिलिसेकंदांत परत. मग तोच स्क्रीनशॉट, तोच लाल गोल, "बघा, ऑप्टिमाइझ केली!" आणि त्याच स्क्रीनशॉटमध्ये, लाल गोलाच्या वर, एकही रेकॉर्ड आला नाही असं छापलेलं असतं. शून्य.