नोबेल पाण्याला मिळालेलं नाही

परवा मावशीने मेटफॉर्मिनची, म्हणजे मधुमेहाची गोळी डबीत तशीच ठेवली आणि वरून नव्या बाटलीतलं पाणी प्यायली. बुडाला चुंबक असलेली बाटली. किंमत विचारू नका. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर: शाळेत पदार्थाच्या तीनच अवस्था सांगून फसवलं, 2016 चं नोबेल नव्या अवस्थांना मिळालं, चुंबकाने पाणी ‘उच्च सममिती’च्या क्वांटम अवस्थेत जातं, ती लक्षात ठेवतं आणि साखर उतरवतं.

तीन अवस्थांचं, बरं बाबा, अर्धं खरं. एकट्या बर्फाचीच वीसेक रूपं माहीत आहेत. थाउलेस, हॉल्डेन, कोस्टर्लिट्झ या भौतिकशास्त्रज्ञांचं नोबेलही खरं. पण त्यात पाण्याचा थेंब नाही. 1982 मध्ये इलेक्ट्रॉनांची तशी एक अवस्था सापडली ती गॅलियम आर्सेनाइड नावाच्या अर्धवाहकात, एक केल्विनच्याही (उणे 272 अंश सेल्सियसच्याही) खाली, फ्रिजवरच्या चुंबकाच्या हजारपटीहून मोठ्या क्षेत्रात. मावशीची बाटली ओट्यावर असते.

‘उच्च सममिती’ वाचून मात्र डोकं फिरलं. पेल्यातलं पाणी कोणत्याही कोनातून बघा, सरासरीने सारखंच. गोठलं की षट्कोनी जाळी होते, ती साठ-साठ अंशांनी फिरवली तरच स्वतःवर बसते. म्हणजे गोठताना सममिती घटते. अवस्था अशा सममितीच्या घटीवरून ओळखायची रीत लान्डाऊ या भौतिकशास्त्रज्ञाने 1937 मध्येच मांडली. नळाचं पाणी आधीच वरच्या पायरीवर आहे. बाटलीवाला त्याला कुठे चढवणार?

शब्द बहुधा भौतिकशास्त्रातल्या ‘व्यापक सममिती’वरून उचललाय. चुंबकाचे दोन तुकडे करा, दोन्हींना दोन ध्रुव येतात. चुंबकाच्या बलरेषेला टोकच नसतं, म्हणून कुठल्याही बंद पृष्ठभागात जेवढ्या रेषा शिरतात तेवढ्याच बाहेर पडतात. भौतिकशास्त्रात असा कायम जुळणारा हिशेब म्हणजेही सममितीच, पण कणांची नव्हे, रेषांची. 2014 मध्ये गायोट्टो, कापुस्टिन, सायबर्ग आणि विलेट यांनी ती नीट मांडली. लान्डाऊच्या चाळणीतून निसटणाऱ्या कितीतरी अवस्था तिने ओळखता येतात. मधुमेह त्यात कुठेच नाही.

आणि पाण्याची स्मरणशक्ती? 2005 साली ‘नेचर’मध्ये तिचं मोजमाप छापून आलं: द्रव पाण्यातली हायड्रोजन बंधांची रचना 50 फेमटोसेकंदांच्या आत पुसली जाते. सेकंदाचा वीस लाख कोटीवा भाग. झाकण उघडायलाही जास्त वेळ लागतो.

काल मावशी फोनवर म्हणाली, “पण पाणी गोड लागतं रे.” उपाशीपोटी साखर 212 आली होती. म्हटलं, बाटली राहू दे, गोळी त्याच पाण्याबरोबर घे.