आयात शुल्क वाढवलं की मिरजेची वाद्यं तरतील?

संगीताच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. शब्द बदलतात, आशय तोच. परदेशी, विशेषतः चिनी वाद्यांनी आपला बाजार गिळला आणि मिरजेचे कारागीर देशोधडीला लागले. म्हणून खेळण्यांवर लावलं तसं वाद्यांवरही 60-70 टक्के आयात शुल्क लावा. भुर्दंड चीनला बसेल, आपल्या कारागिरांच्या हाताला काम मिळेल. 1991 च्या आधी आयात बंद होती तेव्हा धंदा जोरात होता, आणि आता तर अमेरिकाही हेच करते आहे.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांची तळमळ खरी आहे. मलाही मिरज जगायला हवी आहे. म्हणूनच चुकीचं औषध मागितलं जाताना गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा मिरजेचाच घेऊ, कारण सगळा मजकूर तिच्या नावावर उभा आहे. मिरजेत सतारी आणि तानपुरे बनतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी ही कला उचलली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आता प्रश्न असा, की कोणता देश तानपुरे बनवून आपल्याकडे पाठवतो? बाजारात मिरजेच्या तानपुऱ्याशेजारी चिनी तानपुरा ठेवलेला कुणी पाहिला आहे? भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला. तो वाळवायचा, कापायचा, भिजवून आकारात आणायचा, मग त्यावर तुणीच्या लाकडाची तबली, म्हणजे वरचं झाकण, आणि दांडी बसवायची. शेवटी जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीला नाद खुलेल असा आकार देणं. घोडीचा माथा कानसेने जरा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. सूत तारेखाली केसभर पुढे-मागे सरकवलं की बंद वाटणारी तार एकदम बोलू लागते. कानसेचा एक हात जास्त पडला तर सगळं पहिल्यापासून. या कामाशी स्पर्धा करणारा माल न्हावा शेवा बंदरात उतरतच नाही.

तानपुऱ्याचं गिऱ्हाईक कमी केलं ते इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने, आणि तो आला बंगळुरूहून, 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून. त्यानंतर मोबाइलवरची ॲप आली. गाण्याच्या क्लासला जाणारी मुलगी आज फोनवर सूर लावून रियाजाला बसते. तिच्या आईवडिलांनी परदेशी वाद्य घेऊन मिरजेचं गिऱ्हाईक तोडलेलं नाही, त्यांनी तानपुरा घेतलेलाच नाही. यावर सीमाशुल्क कुठे लावणार?

उलट मिरजेच्या कारखान्यात परदेशी असतं ते वाद्याच्या पोटात. चांगल्या पोलादी तारांसाठी वर्षानुवर्षं जर्मन तारेचं नाव घेतलं जातं. शुल्कवाढीच्या यादीत ‘वाद्यं आणि त्यांचे भाग’ असं सरसकट लिहिलं गेलं, तर पहिला फटका बसेल तो सतारमेकर गल्लीतल्या तारेच्या वेटोळ्याला. त्यात आणखी एक गाठ आहे, जिच्याबद्दल हा मजकूर अवाक्षर काढत नाही. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना जीएसटी माफ आहे. ऐकायला छान वाटतं. पण विक्री करमाफ असली की कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तारांवर, पॉलिशवर, हत्यारांवर दिलेला कर कारागिराच्या अंगावरच पडतो. आयात शुल्क वाढलं की तारेची मूळ रक्कम फुगते, त्यावरचा जीएसटीही फुगतो, आणि दोन्ही परत मिळत नाहीत. मिरजेला वाचवायला निघालेली मागणी मिरजेचाच खर्च वाढवते.

दुसरा मुद्दा, ‘भुर्दंड चीनला बसेल’. सीमाशुल्क भरतो तो इथला आयातदार, माल बंदरातून सोडवताना. समजा 10,000 रुपये किमतीची गिटार आली. आज वाद्यांवर मूळ शुल्क साधारण 10 टक्के आहे, म्हणजे 1,000. त्यावर समाजकल्याण अधिभार 100. झालेल्या 11,100 वर 18 टक्के जीएसटी 1,998. गिटार पडली 13,098 रुपयांना. आता मूळ शुल्क 60 टक्के करा. 6,000 शुल्क, 600 अधिभार, 16,600 वर जीएसटी 2,988, एकूण 19,588. दुकानदाराचा नफा अजून धरलेलाच नाही. परदेशी कारखानदार विक्री टिकवायला थोडी किंमत उतरवेल हे खरं, पण ज्या स्वस्त वाद्यात त्याला आधीच रुपया-दोन रुपये सुटतात, तिथे उतरवायला उरतं किती? हा साडेसहा हजारांचा फरक नाशिक-नागपूरची, पणजी-मडगावची, गिटार शिकू पाहणारी पोरं भरणार. त्यातली बरीचशी शिकायचा विचारच सोडतील, आणि शिकणारे कमी झाले की वाद्य बनवणाऱ्याचं गिऱ्हाईकही आटतं, मग तो कारागीर देशी का असेना.

‘1991 च्या आधी धंदा जोरात होता’ हे वाक्य ऐकलं की त्या काळात गिटार शिकलेल्या कुणालाही विचारावं. तारा पडद्यांपासून इतक्या उंच, की बोटं सोलून निघायची. बाराव्या पडद्यावर सूर चढलेला. दुसरं वाद्य मिळायचं नाही म्हणून लोक तेच वाजवायचे. परवान्यांशिवाय आयात नव्हती, परिमाणात्मक निर्बंध, म्हणजे किती माल आणायचा यावरची बंधनं, तर 1 एप्रिल 2001 पर्यंत टप्प्याटप्प्याने उठत गेले, आणि शुल्काचा कमाल दर 1991 च्या सुमारास 150 टक्के होता. एवढ्या भिंतीआड जगात नाव काढेल असा भारतीय पियानो बनायला हवा होता, भारतीय ट्रम्पेट बनायला हवा होता. मेरठने लग्नाच्या बँडसाठी पितळी वाद्यं भरभरून बनवली, आणि त्या कारागिरांचं मोल मी कमी करत नाही. पण वाद्यवृंदात वाजवणारा आजही ट्रम्पेट बाहेरचाच घेतो. गुजरातमधल्या पालिताण्याला हार्मोनियमच्या रीड, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी पट्ट्या, बनू लागल्या, ही खरी कमाई. तरीही जुन्या पेटीत जर्मन किंवा पॅरिस रीड निघाली की जाणकार आजही तिच्यावर हात ठेवून बसतात. बंद बाजाराने काम दिलं. कामाचा दर्जा वाढवायची गरज मात्र ठेवली नाही. आणि सतारीचं म्हणाल, तर तिला मोठी मागणी आली ती 1960 च्या दशकात पंडित रविशंकरांमुळे जगभर सतारीचं वेड पसरलं तेव्हा. ती मागणी उघड्या दारातून आली.

खेळण्यांचा दाखला त्या मजकुरातला सर्वांत वजनदार आहे. खेळण्यांवरचं शुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70, आणि आयात खरोखर घटली. पण नुसत्या शुल्काने नाही. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं (आयएसआय) चिन्ह सक्तीचं झालं, त्यानेही मोठा माल अडवला. शिवाय प्लॅस्टिकचं खेळणं साच्यातून निघतं. साचा आणा, यंत्र लावा, काही महिन्यांत उत्पादन सुरू. व्हायोलिन बनवणारा माणूस काही महिन्यांत तयार होत नाही, आणि लाकूड नीट मुरायलाच वर्षं जातात.

व्हायोलिनवरून आठवलं, या दाव्यात जिथे तथ्य आहे ते ठिकाण मिरज नव्हे, उत्तर प्रदेशातलं रामपूर आहे. तिथल्या व्हायोलिन कारागिरांना चिनी व्हायोलिनांनी खरंच मारलं. चीनमध्ये ह्वांगछ्यावसारखं गावच्या गाव व्हायोलिनवर जगतं. मान कोरणारे वेगळे, पॉलिशवाले वेगळे, तारा बसवणारे वेगळे, सगळे एका हाकेवर. रामपूरसाठी तयार व्हायोलिनवर काही वर्षांपुरतं, आधीच मुदत जाहीर केलेलं वाढीव शुल्क मला मान्य आहे. अट एकच, की तारा, खुंट्या, गज, सरस यांवरचं शुल्क त्याच वेळी शून्य करा. मजकुरात ही अट नाही. त्यात ‘सगळ्या वाद्यांवर’ असं आहे. गिटारच्या बाबतीत तर शुल्काची भिंत अर्धीच उभी राहील: इंडोनेशियासह आग्नेय आशियाई देशांच्या ‘आसियान’ गटाशी झालेला मालाचा मुक्त व्यापार करार 2010 पासून लागू आहे आणि जपानशी झालेला 2011 पासून. अशा करारांत सवलत मिळालेल्या मालावर वाढीव सर्वसाधारण दर लागतच नाही. कारखाना चीनमधून इंडोनेशियाला हलेल, मिरजेला किंवा कोलकात्याला नाही. आणि कारखाना भारतात यायचा तेव्हा येतोही. यामाहाने चेन्नईजवळ कीबोर्ड आणि गिटार बनवायला 2019 मध्ये सुरुवात केली, ती 60-70 टक्क्यांच्या भिंतीशिवायच.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथल्या नावाजलेल्या गिटारांची पाठ भारतीय शिसवीची असते, टेलर कंपनीचं एबनी लाकूड कॅमेरूनमधून येतं, आणि फेंडर, मार्टिन, टेलर या तिन्ही कंपन्यांचे कारखाने मेक्सिकोतही आहेत. अशा धंद्यावर सरसकट शुल्क लावलं की ते त्यांच्याच कच्च्या मालावर बसतं. आपल्या बाजूने पाहायचं, तर 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावर एकूण 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हा त्या मालात तिकडच्या विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या सतारी आणि पेट्याही आल्या. शुल्काने वाद्यधंदा कसा अडतो हे आपल्याच निर्यातदारांनी अनुभवलं.

मग खासदारांना पत्र लिहायचंच असेल तर काय मागावं? देशी वाद्यांची करमाफी ठेवून कच्च्या मालावरचा कर परत द्या. वाद्यांच्या तारांवरचं सीमाशुल्क काढा. आणि तिसरी मागणी मला सर्वांत जवळची आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, सोनार, कुंभार, न्हावी, अगदी बाहुल्या आणि खेळणी बनवणारेसुद्धा. प्रशिक्षणात रोजचे 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000, आणि 5 टक्के व्याजाने कर्ज. त्या यादीत वाद्य बनवणारा नाही. मिरजेतल्या एखाद्या पोराने चार वर्षं वडिलांशेजारी बसून जवारी शिकायची की सांगलीच्या एमआयडीसीत महिन्याच्या पगारावर रुजू व्हायचं, हे गिटारवरच्या शुल्कावर ठरत नाही. शिकण्याच्या काळात त्याच्या घरात चार पैसे येतात का, यावर ठरतं. तेव्हा तो मजकूर पुढे पाठवण्याऐवजी या यादीत एकोणिसावा व्यवसाय घाला अशी मागणी पाठवा.