‘रोज पाणी घाला, दोन वर्षांत संत्री खा’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की नागपूरच्या वॉट्सॲप ग्रुपांवर बागकामाचा एक मेसेज फिरायला लागतो. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. संत्र्याची बी कुंडीत लावा, दोन वर्षांत फळं येतात. ऊन तापलं की प्रत्येक झाडाला सकाळ-संध्याकाळ पाणी द्या, पानं पिवळी पडली तर आणखी द्या. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी म्हणजे फुकटचं खत. फुलांचे कंद दरवर्षी उपटून फ्रिजमध्ये ठेवा. आणि पानं गळून नुसत्या काड्या उरल्या असतील तर ते झाड मेलं, काढून टाका.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण या सल्ल्यांनी झाडं जातात आणि बोल लागतो आपल्या उन्हाला. म्हणून एकेक मुद्दा तपासू या.

बीच्या मुद्द्यावर लोक सहसा एकच उत्तर देतात, की बीचं झाड मूळ झाडासारखं निघत नाही. संत्र्याच्या बाबतीत हे उत्तरही चुकीचं आहे. नागपुरी संत्र्याच्या एका बीतून बऱ्याचदा एकाहून जास्त कोंब येतात आणि त्यातले बहुतेक मूळ झाडाच्याच गुणांचे असतात. खरी अडचण वेळेची आहे. बीचं झाड सरळसोट वाढतं, अंगभर काटे धरतं आणि फळावर यायला सात-आठ वर्षं घेतं, कधी त्याहूनही जास्त. काटोल-वरूडच्या संत्रापट्ट्यात रोपवाटिकेत बी लावतात ती जंबेरी किंवा रंगपूर या लिंबांची, आणि त्या खुंटावर चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरची कळी, बांधतात. असं कलम चौथ्या-पाचव्या वर्षी फळ देऊ लागतं. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे आणि ती रोगमुक्त कलमं तयार करते. कलम घेताना डोळ्याचा जोड बघा: मातीपासून साधारण वीतभर वर हवा. लावतानाही तो मातीत दाबायचा नाही. आणि कुंडीचा विचार सोडा. बागेत दोन संत्र्यांमध्ये सहा मीटर अंतर ठेवतात, ते झाड कुंडीत किती रमणार? गच्चीवरच काही हवं असेल तर मोठ्या ड्रममध्ये कागदी लिंबू लावा.

आता पाणी. या मेसेजमधला हा सगळ्यात घातक मुद्दा आहे.

आपलं ऊन लहान नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, मातीची छोटी कुंडी एका दुपारीत कोरडीठाक होते. तिला रोज पाणी लागतं, हे मान्यच. पण कुंडीचा नियम अंगणातल्या काळ्या मातीला लावता येत नाही. काळी माती वरून तडकते, भेगा पडतात, आणि माणूस घाबरून पाइप सोडून देतो. त्याऐवजी खुरपीने चार-सहा बोटं खाली जा आणि तिथली माती बोटांत वळून बघा. वळी झाली आणि मोडली नाही, तर झाडाला आज पाणी नको. ही माती पाणी धरून ठेवते. रोज भिजवली की तिच्यातली हवा संपते आणि मुळं गुदमरतात.

संत्र्याच्या बुंध्याशी रोज पाणी साचलं की डिंक्या हा साल कुजवणारा रोग येतो. आधी जमिनीलगत सालीवर मधाच्या रंगाचा डिंकाचा थेंब दिसतो. तिथली साल नखाने खरवडली तर आतला भाग तपकिरी, ओलसर निघतो. ही कूज बुंध्याभोवती फिरली की झाड गेलं, मग वरून कितीही खत घाला. म्हणून बागायतदार दुहेरी आळं करतात: बुंध्याभोवती मातीचा एक छोटा गोल बांध, त्याच्या बाहेर फांद्यांच्या घेराइतका दुसरा, आणि पाणी फक्त दोन्हींच्या मधल्या चरात. खोडाला पाणी लागतच नाही. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्टही लावतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. घरच्या एका झाडाला याचा दहावा भागही पुरून उरतो.

शिवाय रोज पाणी पिणाऱ्या संत्र्याला धड बहार, म्हणजे फुलोरा, येत नाही. हिवाळ्याअखेरच्या आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडतात, पावसाळ्याच्या तोंडावरच्या मृग बहारासाठी एप्रिल-मेमध्ये. यालाच ताण देणं म्हणतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत दीड-दोन महिने. पानं मलूल होतात, काही गळतात, बघवत नाही. पण त्या विश्रांतीतूनच फूल येतं. तुमचं झाड फळावर आलेलं असेल तर मनाचा हिय्या करून एक बहार निवडा आणि ताण द्या. लहान कलमाला मात्र ताण देऊ नका, त्याची मुळं अजून धरायची असतात.

पिवळ्या पानांचंही तेच. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय. पानं बारीक राहून शिरांच्या मधे पिवळे चट्टे असतील तर जस्त. आपल्या मातीत चुना जास्त, त्यामुळे ही द्रव्यं असूनही मुळांना मिळत नाहीत आणि पाणी वाढवलं की आणखी कमी मिळतात. जस्तासाठी दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना घालून पानांवर फवारा. लोहासाठी तेवढ्याच पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट. उन्हापासून जपायचं असेल तर आळ्यात पालापाचोळ्याचा जाड थर पसरा आणि लहान रोपांवर हिरवी जाळी बांधा.

कूलरबद्दल थोडक्यात. कूलरमधून पाण्याची वाफ उडते, क्षार उडत नाहीत. हंगामाच्या शेवटी ताट्यांवर जो पांढरा खर चढलेला दिसतो तोच टाकीतल्या पाण्यातही विरघळलेला असतो, आणि बोअरचं पाणी असेल तर फारच. लिंबूवर्गीय झाडांना क्षार अजिबात सोसत नाहीत, पानांची टोकं करपतात. हे पाणी कुंड्यांना घालू नका.

कंद फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला थंड देशांतून आलाय. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते म्हणून नाजूक कंद काढून घेतात. आपल्याकडे जमीन गोठत नाही. कंदाचा शत्रू आहे जुलै-ऑगस्टचं साचलेलं पाणी. म्हणून वाफा वीतभर उंच करा, काळ्या मातीत वाळू आणि शेणखत भरपूर मिसळा, आणि कंद तिथेच राहू द्या. निशिगंध दोन-तीन वर्षं एका जागी छान फुलतो, मग दाटी झाली की काढून वेगळा करायचा. फुटबॉल लिलीला तर हलवलेलं खपतच नाही. हिवाळ्यात ती जमिनीवर दिसतसुद्धा नाही, आणि मे महिन्यात पानांच्याही आधी तांबडा चेंडू वर येतो. सोनटक्का, कर्दळ, रेन लिली यांनाही फ्रिज नको. ग्लॅडिओलसचे कंद मात्र पानं पिवळी पडल्यावर काढून थंड जागी ठेवावे लागतात, तेवढा अपवाद. ट्युलिपला फुलायला कित्येक आठवड्यांची थंडी लागते, त्याच्या नादी लागू नका. त्याच पैशात निशिगंधाचे पिशवीभर कंद येतील.

शेवटचा मुद्दा वाचून वाईट वाटतं, कारण त्यापायी धडधाकट झाडं उपटली जातात. सीताफळ फेब्रुवारी-मार्चपासून पानं टाकतं आणि भर उन्हाळ्यात काड्यांसारखं उभं असतं. ते झोपलेलं आहे, पावसाच्या सुमारास फुटेल आणि ऑक्टोबरमध्ये फळ देईल. अंजीरही पानं टाकतं. शंका असेल तर अंगठ्याच्या नखाने फांदीची साल जराशी खरवडा. खाली हिरवं आणि ओलं निघालं तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं निघालं तर हातभर खाली पुन्हा बघा, मग बुंध्याजवळ. बुंध्यालाही कोरडंच लागलं, तरी एक पाऊस पडून पंधरा दिवस जाऊ द्या, आणि तेव्हाही कुठे कोंब दिसला नाही तरच कुदळ घ्या.