‘लेखक’ हा एकच रकाना पुरे? नाही पुरत

वाचनालयांच्या डिजिटल याद्या करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘रकान्यांचा पसारा नको. लेखक, अनुवादक, संपादक सगळे एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन टाका. प्रकाशक आणि मुद्रक एकच समजा. बाकी सर्च बघून घेईल.’ सोयीचा सल्ला आहे, म्हणूनच फिरतो.

‘नाव आलं की झालं, भूमिका कशाला?’ हेमिंग्वेच्या कादंबरीचा पु. ल. देशपांड्यांनी केलेला अनुवाद घ्या, ‘एका कोळियाने’. दोन्ही नावं एका रकान्यात शेजारी बसली की दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं असंच दिसणार. उद्या कुणी विचारलं, हे स्कॅन करून सर्वांना खुलं करता येईल का? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं कॉपीराइट चालतो. हेमिंग्वे 1961 साली गेले, म्हणजे मूळ कादंबरी भारतात 2022 उजाडताच मोकळी झाली. पण अनुवादाचा हक्क वेगळा. पु. ल. गेले 2000 साली, त्यामुळे तो 2060 अखेरपर्यंत आहे. रकान्यातलं पहिलं नाव धरून हिशेब करणारा अनुवाद खुला करून मोकळा होईल, आणि मग नोटीस आली की धावपळ.

भूमिका वेगळ्या नोंदवणं हे काही परदेशी मानकांचं खूळ नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवीच सांगते की शके 1212 मध्ये टीका केली ज्ञानेश्वरांनी आणि ती उतरवून घेतली सच्चिदानंदबाबांनी. पुढे शके 1506 मध्ये एकनाथांनी पाठ शुद्ध केला. तिघांची तीन कामं. स्वल्पविराम देऊन एकनाथांना ज्ञानेश्वरीचे सहलेखक करायची कुणाची छाती आहे?

‘डब्लिन कोअर बघा, किती सुटसुटीत!’ बघितलं. डिजिटल साहित्याची माहिती नोंदवायचं हे एक मानक, आणि त्याच्या 15 घटकांमध्ये निर्माता, सहयोगी आणि प्रकाशक हे तिघं वेगवेगळेच आहेत. एक मात्र कबूल: निर्माता कुठे संपतो आणि सहयोगी कुठे सुरू होतो यावर वाद घालता येतो, अनुवादक तर नेमका त्या बांधावरच उभा. पण म्हणून बांधच मोडायचा? मार्क 21 मध्ये, म्हणजे ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींसाठीच्या मानकात, याची वाट आहे. 700 क्रमांकाच्या फील्डमध्ये, म्हणजे रकान्यात, नाव भरायचं आणि त्याच्या उपफील्डमध्ये भूमिका. माणसं वाढली तर तेच फील्ड पुन्हा. ‘लेखक 1, लेखक 2, अनुवादक 1’ असे रकाने वाढवत बसायला नको. नाव आणि भूमिका यांची जोडी करा, भूमिका ठरलेल्या यादीतूनच निवडू द्या, आणि मुखपृष्ठामागच्या पानावरचा मजकूर जसाच्या तसा वेगळा नोंदवा. त्यावर ‘संपादन साहाय्य’ असं काही मोघम छापलं असेल तर ते तिथे तसंच राहू द्या.

‘प्रकाशक आणि मुद्रक एकच.’ इंग्रज सरकारलासुद्धा हे पटलं नव्हतं. 1867 च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याने पुस्तकावर मुद्रकाचं नाव-ठिकाण आणि प्रकाशकाचं नाव-ठिकाण अशी दोन्ही छापणं सक्तीचं केलं. जुन्या पुस्तकांवरचं ‘अमुक यांनी तमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले’ हे वाक्य आठवा. मार्क 21 च्या 264 क्रमांकाच्या फील्डमध्ये प्रकाशन, वितरण आणि छपाई यांना वेगळे आकडे आहेत. स्वतःचं पुस्तक स्वतःच काढणाऱ्या लेखकाचं नाव दोन भूमिकांत दोनदा येईल. येऊ द्या.

‘सर्च शोधून देईल.’ कुसुमाग्रज टाका, कविता मिळतील. वि. वा. शिरवाडकर नावाने छापलेली नाटकं मिळतीलच असं नाही. गडकऱ्यांची तर तीन नावं: राम गणेश, गोविंदाग्रज, बाळकराम. ही एकाच माणसाची आहेत हे सर्चला आधी कुणीतरी सांगावं लागतं.

‘वेळ जातो.’ जातो खरा. पण लहान वाचनालयाला लेखक, अनुवादक, संपादक, चित्रकार, प्रकाशक, मुद्रक एवढ्या भूमिका पुरतात, आणि पुस्तक हातात असताना त्या भरायला फार वेळ लागत नाही. स्वल्पविरामांची यादी नंतर फोडायची ठरवली, तर कोण कोण होतं हे यादीत नसतंच. प्रत्येक पुस्तक पुन्हा कपाटातून काढावं लागतं.