‘खेळण्यातला माइक’ म्हणणाऱ्या ध्वनिवेड्यांस

‘हँडीकॅमसाठी स्वस्तातला शॉटगन माइक’ या माझ्या लेखावर ‘ध्वनिवेडा’ या नावानं एका वाचकांची भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. थोडक्यात ती अशी: लेखातला टाकस्टारचा स्वस्त माइक म्हणजे खेळणं, शॉटगन (समोरचा आवाज घेणारा नळीसारखा माइक) म्हणजे आवाजाचा झूम नव्हे, बंद खोलीत तो वापरायचा नसतो, कॅमेऱ्यावर बसवलेला कुठलाही माइक बोलणाऱ्यापासून लांबच राहतो, घ्यायचा तर सेनहायजर कंपनीचा ४१६, म्हणजे सिनेमावाल्यांचा महागडा शॉटगन, घ्यावा, नाहीतर पैसे बँकेत ठेवावेत. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: ‘असले माइक सुचवणाऱ्यांनी आयुष्यात खरा माइक कधी हातात धरलेला नसतो.’

तिथंच खाली दोन ओळी लिहायला बसलो होतो. दोनाच्या वीस झाल्या, म्हणून इथं टाकतोय.

आधी माझी चूक. टाकस्टार एसजीसी-५९८ ला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते असं मी लिहिलं होतं. नाही लागत. एक पेन्सिल सेल लागतो. रोडचा जुना व्हिडिओमाइक मी बरीच वर्षं वापरला, त्याला चौकोनी बॅटरी लागायची, तेच बोटांतून उतरलं. दुरुस्ती केली आहे, आभार. आता ‘ज्याला बॅटरी कळत नाही त्याला आवाज काय कळणार’ हे तुम्ही जोडलं नसतं तर आभार जरा मोठ्या अक्षरात मानले असते.

तर ते वाक्य. हातात धरलेला नसतो.

१९९६ साली फलटणला एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे मी सनगन धरायला लागलो. मालकांच्या खांद्यावर पॅनासॉनिकचा एम-९०००, माझ्या हातात तो दिवा, आणि दिव्याच्या उष्णतेनं नवरीमुलगी घामाघूम. कॅमेऱ्याच्या तोंडावरच्या माइकमधून मंगलाष्टका कमी आणि जनरेटर जास्त ऐकू यायचा. लोक कॅसेट परत आणून विचारायचे, ‘भटजी दिसतात, पण बोलत का नाहीत?’ आवाजाचं दुखणं काय असतं ते मला तिथं कळलं, पुस्तकात नाही. पुढं केबलच्या बातम्यांसाठी सोनीचा पीडी-१७० कॅमेरा वापरला. त्याच्याबरोबर जो लांबोडका माइक यायचा त्याच्यावर अख्ख्या महाराष्ट्राच्या तालुका बातम्या निघाल्या. तोही खेळणं होता का, तेवढं कळवा.

आणि ४१६. एका माहितीपटासाठी बूम, म्हणजे माइकचा लांब दांडा, धरणारा मुलगा आजारी पडला म्हणून मला दोन दिवस नेलं होतं. ऊसतोडीच्या बाईंची मुलाखत, उसाच्या फडाच्या कडेला. दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर, त्याच्या टोकाला तो ४१६, बाईंच्या कपाळापासून हातभर वर, फ्रेमच्या जरा बाहेर. खाली आला तर चित्रात दिसतो, वर गेला तर आवाज पातळ होतो. पाऊण तास असा उभा. संध्याकाळी भाकरीचा घास तोंडाशी नेताना हात थरथरत होता. तेव्हा महाशय, हातात धरला नसेल असं तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर आहे. मी तो डोक्यावर धरला होता.

आवाज काय आला होता म्हणून सांगू! बांगड्या वेगळ्या, कोयता वेगळा, मागची पाचटाची सळसळ वेगळी. तो माइक उत्तम आहे. मी कधी नाही म्हटलं? पण तो चालतो ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर. माझ्या वाचकाच्या हँडीकॅमला असतं साडेतीन एमएमचं भोक, त्यातून ही वीज येत नाही. म्हणजे मधे एक डबा घ्या, त्याच्या बॅटऱ्या घ्या, एक्सएलआरची (तीन पिनांची) केबल घ्या, मग सगळं मिळून कॅमेऱ्यापेक्षा जास्त पैसे घालून शाळेच्या स्नेहसंमेलनाला जा. निदान सेनहायजरचाच एमकेई ६०० तरी सुचवायचा होतात. तो फँटम नसेल तर पेन्सिल सेलवर चालतो, फक्त केबल वेगळी लागते. पण नाही. ४१६ म्हटलं की वजन पडतं, नाही का?

लेख मी कुणासाठी लिहिला ते पहिल्याच परिच्छेदात आहे. मला पत्रं येतात ती जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींची, भजनी मंडळाच्या सेक्रेटरींची. गेल्या महिन्यात एकांनी सोनीचा सीएक्स-४०५ आहे, कुठला माइक लावू असं विचारलं. त्यांना सांगावं लागलं की त्या कॅमेऱ्याला माइकचं भोकच नाही, आधी तो बदला. अशा माणसाला ४१६ सांगायचा? तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.

बाकीच्या मुद्द्यांत फारसं काही नाही. ‘झूम’ हा शब्द मी अवतरणचिन्हांत वापरला होता, चष्मा लावून बघा. शॉटगनची नळी लांबचा आवाज ओढून आणत नाही, बाजूचा जरा कमी करते, आणि तोही वरच्या पट्टीतलाच. पुरुषी आवाजाचा पाया शंभर-सव्वाशे हर्ट्झचा, त्याची एक लाट होते तीनेक मीटरची, तिला वीतभर नळी काय अडवणार? तुमचा ४१६ सुद्धा पाव मीटरचाच आहे हो. बंद खोलीचं म्हणाल तर लेखात एक ओळ आहे. कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचं म्हणाल तर अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलनं पडतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

काम कसं होतं ते दाखवतो. आमच्या गावच्या सप्ताहात पहिल्या दिवशी मी टाकस्टार कॅमेऱ्यावरच बसवला होता, कॅमेरा मंडपाच्या मागच्या खांबाशी. पत्र्याचा मंडप, चार पंखे, मागं जनरेटर. घरी येऊन ऐकलं. महाराज दृष्टांत सांगताना आवाज खाली आणत, थांबत, आणि त्या थांब्यात कॅमेऱ्याचा ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय) वर चढत जाई. पंख्यांची घरघर अशी फुगत जाई की जणू पंखेच दृष्टांत सांगताहेत. मग मागच्या टाळकऱ्यांनी ‘विठ्ठल विठ्ठल’ धरलं की सगळं एकदम दबून जाई. तीन तासांचं कीर्तन असं, दम लागलेल्या माणसासारखं.

दुसऱ्या दिवशी ऑटो बंद केला, पातळी हातानं लावली. पाच मीटरची एक्स्टेन्शन केबल घेतली आणि माइक महाराजांपुढं तीन फुटांवर, एका जुन्या फोटो ट्रायपॉडवर खालून तिरका लावला, पाठ पंख्यांकडं. बुक्का लावायला येणाऱ्यांनी दोनदा पाडला, पण आवाज स्वच्छ. ते रेकॉर्डिंग आज गावातल्या म्हाताऱ्यांच्या फोनवर वाजतं, आणि ‘हे खेळण्यावर केलंय’ असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, माइक जवळ न्या, हेच तर मी सांगत होतो. म्हणा. पण तुम्ही ते सांगताना आधी माझी अक्कल काढलीत, मग माझ्या वाचकांचं पाकीट, आणि मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात कुठंतरी कंसात टाकलात. कंसातलं आम्ही उशिरा वाचतो.

खेळण्यावरून एक राहिलं. कास पठारावर एकदा शूट होतं. माइकवर नुसता स्पंज, आणि वारा असा की हेडफोनमध्ये कुणीतरी ताडपत्री फडकवतंय. वारा अडवायला माइकवर चढवतात ती तयार फर, म्हणजे केसाळ पिशवी, मागवायला वेळ नव्हता. घरी येऊन पुतणीच्या जुन्या अस्वलाची पाठ उसवली, तिची पिशवी शिवली, स्पंजावर चढवली आणि दुसऱ्या दिवशी परत गेलो. फडफड गेली. वरच्या पट्टीतला आवाज किंचित बोथट झाला, तेवढं सोसलं. ती पिशवी अजून वापरतो. तेव्हा खेळणं म्हणालात ते अर्धं खरं आहे. पुतणी अजून बोलत नाही माझ्याशी, तो भाग वेगळा.

यावर पुन्हा प्रतिक्रिया द्यायची असेल तर जरूर द्या, मी उडवत नाही. फक्त ४१६ तुमच्याकडं स्वतःचा आहे का, एवढं पहिल्या ओळीत लिहा.

उद्या सकाळी वाठारला बारसं आहे. माइकमध्ये सेल नवा घातलाय. पेन्सिल.