मॅस्टोडॉनवरचा खासगीपणा आणि आमची भरलेली डिस्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखे, पण एका कंपनीच्या हाती नसलेले, अनेकांनी चालवलेल्या स्वतंत्र सर्व्हरांचे जाळे. त्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि आडपडदा न ठेवता लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप दोन आहेत. तेथे जाहिराती नाहीत एवढ्यावरून 'खासगीपणा जपला जातो' असे लिहिणे ही वाचकांची दिशाभूल आहे, कारण सर्व्हर (सभासदांची खाती आणि मजकूर साठवणारा संगणक) चालवणारा कोणीही हौशी माणूस सभासदांचे खासगी संदेश वाचू शकतो, हा पहिला. आणि वर्गणीवर व चार जणांच्या जागरणावर चालणारी सेवा आज ना उद्या बंद पडणारच, हा दुसरा. पहिला मला पूर्ण मान्य आहे, दुसरा अर्धाच.

माझे ते वाक्य ढिले होते. माणसाचा माग काढून जाहिराती विकण्याचा धंदा तेथे नाही, एवढेच मला म्हणायचे होते; ते मी फुगवून सांगितले. मॅस्टोडॉनवरचा खासगी संदेश पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही सर्व्हरांच्या डेटाबेसमध्ये उघड्या मजकुराच्या रूपात पडून असतो. अॅडमिनच्या, म्हणजे सर्व्हर चालवणाऱ्याच्या, नेहमीच्या पडद्यावर तो सहसा दिसत नाही, हे खरे. पण डेटाबेस ज्याच्या हाती आहे त्याला तो वाचण्यापासून कोणी अडवू शकत नाही. संदेश लिहिताना खुद्द मॅस्टोडॉनच बजावते, की येथे संवेदनशील काही लिहू नका. आपल्या प्रतिक्रियेत न आलेली एक मेख मीच सांगतो. खासगी संदेशात कोणाविषयी तक्रार करताना त्या माणसाचे नाव अॅटच्या चिन्हासह लिहिले, तर तो संदेश त्यालाही जातो. आमच्या एका सभासदाने हे अनुभवले आहे; पुढचे दोन आठवडे दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

मात्र अॅडमिनच्या भोचकपणापेक्षा मला त्याच्या कपाटात पडलेल्या प्रतींची भीती अधिक वाटते. मे २०२३ मध्ये अमेरिकेत 'कोलेक्टिव्हा' या सर्व्हरच्या एका अॅडमिनच्या घरावर एफबीआयने छापा घातला. प्रकरणाचा सर्व्हरशी संबंध नव्हता. पण काही बिघाड दुरुस्त करण्यासाठी त्याने डेटाबेसची प्रत घरी घेतलेली होती, ती कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) नव्हती, आणि बाकीच्या यंत्रांबरोबर तीही जप्त झाली. हजारो लोकांच्या पोस्टी, खासगी संदेश, ईमेल पत्ते आणि कूटरूपातले पासवर्ड तिच्यात होते. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. काम उरकण्याच्या घाईत कुलूप लावायचे राहून गेले, इतकेच.

ही बातमी वाचून मी दुसऱ्याला नावे ठेवली होती, म्हणून पुढचे लिहिताना संकोच वाटतो. आम्ही तिघे मिळून जेमतेम साठ जणांचा एक सर्व्हर चालवतो. एका रविवारी पहाटे तो बसला. डिस्क काठोकाठ भरल्यामुळे डेटाबेसला लिहायला जागाच उरली नव्हती. शोधले तेव्हा कळले, की आमच्या सभासदांनी स्वतः टाकलेली छायाचित्रे अगदी थोडी होती. बाकीचा सगळा ढीग, ते ज्यांना फॉलो करतात त्या बाहेरच्या लोकांच्या छायाचित्रांच्या आणि चित्रफितींच्या प्रतींचा होता, कारण मॅस्टोडॉनचा सर्व्हर परक्यांचा मालही आपल्याकडे आणून ठेवतो. सात दिवसांपेक्षा जुन्या अशा प्रती काढून टाकणारी आज्ञा मॅस्टोडॉनमध्येच आहे. ती दररोज चालेल अशी लावण्याचे काम आम्ही 'बघू नंतर' म्हणून ठेवले होते. मोठी डिस्क घेऊ, महिन्याला थोडे जास्त जातील, असे एकाचे म्हणणे पडले. घेतली नाही, हे बरे झाले, कारण साफसफाईला बसल्यावर आणखी दोन गोष्टी हाती लागल्या. लॉगिन करणाऱ्यांचे आयपी पत्ते (इंटरनेटवर त्यांचे यंत्र कोणत्या जोडणीवरून आले ते सांगणारे आकडे) मूळ मांडणीप्रमाणे वर्षभर साठत होते, ज्यांचा आम्हाला काडीचाही उपयोग नव्हता. आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर, मागे कधी तरी मॅस्टोडॉनची आवृत्ती बदलताना घेतलेल्या डेटाबेसच्या तीन प्रती उघड्या पडल्या होत्या. तो लॅपटॉप तोवर दोनदा दुरुस्तीला जाऊन आला होता.

म्हणूनच आपले दोन आक्षेप मला वेगळे वाटत नाहीत. जे साठवले नाही त्याचे भाडे भरावे लागत नाही आणि ते कोणाला जप्तही करता येत नाही. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी आम्ही जे काढून टाकले, त्यानेच सभासदांचा खासगीपणा थोडा वाढला. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीचे गणित नेमके उलटे असते, तिला जुनी माहिती हेच भांडवल. तरीही आमचा हात आमच्या डिस्कपुरताच पोहोचतो. पोस्ट पुसली की ती पुसण्याची सूचना इतर सर्व्हरांना जाते. ती पाळायची की नाही, हे त्यांच्यावर असते.

आता बंद पडण्याविषयी. 'मॅस्टोडॉन डॉट लोल' हा हजारो सभासदांचा सर्व्हर चालवणाऱ्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये, द्वेषपूर्ण संदेशांना कंटाळून, तो बंद करत असल्याचे जाहीर केले. येथपर्यंत आपले बरोबर आहे. पण फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलासारख्या नावाजलेल्या संस्थेनेही आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केलाच. गूगलचे ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी गेले, आपल्याकडचे ट्विटरसारखे कू जुलै २०२४ मध्ये. पैशाची ददात नसलेली कंपनी आणि गुंतवणूकदार पाठीशी असलेली कंपनी, दोन्ही त्यांत आल्या. फरक पडतो तो बंद होण्याच्या रीतीत. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचे असेल तर सर्व्हरला तीन महिन्यांची पूर्वसूचना, रोजचा बॅकअप आणि अडीअडचणीला सर्व्हर हाताळू शकणारा किमान आणखी एक माणूस, हेही कबूल करावे लागते. मुदत मिळाली तर फॉलोअर दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतात. जुन्या पोस्टी नेता येत नाहीत. त्यांची प्रत फक्त स्वतःपाशी उतरवून घेता येते. हे उणे मोठे आहे आणि मूळ लेखात मी ते लिहायला हवे होते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यावर भारतातून जी मंडळी मॅस्टोडॉनवर गेली, त्यांतला मी एक. बहुतेक ओळखीचे महिन्याभरात परतले. जे सर्व्हर तगलेले पाहिले, त्यांचा हिशेब उघडा होता आणि तक्रारी वाचण्याचे काम आळीपाळीने होत होते. भाडे कसेही जमते. शिवीगाळीच्या तक्रारी रोज वाचणारा माणूस टिकवणे अवघड असते.

शेवटी, आपल्या वाचनालयासाठी मॅस्टोडॉन वापरावे का, असे विचारलेत. नवीन पुस्तकांची यादी, व्याख्यानांच्या सूचना आणि सुट्टीच्या तारखा खुशाल मॅस्टोडॉनवर टाका. त्या साऱ्या गावासाठीच असतात. कोणी कोणते पुस्तक नेले आणि कोणाची वर्गणी थकली, हे मात्र तेथील खासगी संदेशांतूनही कळवू नका. त्यासाठी आपल्या टेबलावरची नोंदवही आहे तशी चालू द्या. मूळ लेखातले ते वाक्य मी आज बदलले आहे आणि बदल आपल्या प्रतिक्रियेमुळे झाला, असे त्याखाली नमूद केले आहे.